भेटी कोणी बंद केल्या

३ जुलै
आज पुन्हा खोटं बोलले. म्हणजे बोलले नाही, गप्प बसले. एकच!

चहाच्या वेळी एर्सिलियामावशी पावाला ॲव्होकॅडो लावता लावता समाजसेविकेच्या नावाने बोटं मोडत होत्या. सहा वर्षांच्या पोराला चार महिने बहीण दाखवत नाही, ही नोएमी बाई आहे की दगड! मी मान डोलावली. वर दुसरा कप घेतला.

नोएमीने काही केलेलं नाही. माझ्या धाकट्या भावाच्या, इसाईआसच्या, भेटी मी बंद केल्या.

४ जुलै
लिहूनच टाकते. कोर्टाने मला इथे वाल्दिव्हियात मावशींकडे ठेवलं (सख्ख्या नव्हेत, सांभाळणाऱ्या), त्याला दुसऱ्या गावात, ला उनिओनला, एका कुटुंबात. महिन्यातून एकदा नोएमीच्या ऑफिसात भेट. मार्चमध्ये निघताना तो माझ्या पायाला चिकटला. सुटेना. आणि चड्डीतच शू केली — माझ्या बुटांवर. बाकावरची सगळी माणसं बघत होती.

मी नोएमीला म्हटलं (ऑफिसातल्या सगळ्या बायांना आम्ही मुलं मावशीच म्हणतो), मावशी, सध्या भेटी नकोत, शाळेचं नवं वर्ष सुरू झालंय. नक्की? नक्की. तिने लिहून घेतलं. मी सांगेपर्यंत बंद.

पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं होतं. दर महिन्याला जास्तच लाज वाटत गेली.

९ जुलै
वकिलाचा फोन. चार मिनिटं. त्याच्याकडे माझ्यासारखी दोनशे मुलं. अठराला सुनावणी, नेहमीचंच सांगू ना? नेहमीचं म्हणजे ‘मुलगी समाधानी आहे’. हो म्हणाले! जो कुरकुर करतो त्याला दुसऱ्या घरी हलवतात, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं.

१२ जुलै
मावशींनी नोएमीविरुद्ध कोर्टाला अर्ज लिहिलाय. दोन पानं. मला वाचून दाखवला. “तुझ्यासाठी मी नाही भांडणार तर कोण गं?”

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर समोर बसून ऐकतोय. मला जेवण गेलं नाही.

१४ जुलै
वकिलाला मीच फोन केला. म्हटलं, जज्जबाईंशी मला एकटीला बोलायचंय. तो म्हणाला, तुझा हक्कच आहे तो, इतकी वर्षं मागितला का नाहीस?

१८ जुलै
मावशी बाहेर बाकावर, अर्ज मांडीवर. आत जज्जबाईंनी विचारलं, कशी आहेस. ‘बरी’ अगदी ओठांवर आलं होतं.

“भेटी मी बंद केल्या,” म्हणाले. “त्याने चड्डी ओली केली म्हणून. मला त्याची लाज वाटली.”

“आणि आता?”

“आता माझी वाटते. मला त्याला भेटायचंय.”

खूप रडले. त्यांनी लिहून घेतलं — एक शनिवार सोडून एक.

बाहेर येऊन मावशींना सांगितलं. त्यांनी अर्जाची घडी घातली. बसमध्ये एकदाच बोलल्या, “त्या बाईला मी काय काय बोलले गं.” आता मलाही हलवतील. बॅग काढून ठेवली.

१९ जुलै
मावशींनी बॅग परत माळ्यावर टाकली. मग नोएमीला फोन लावून माफी मागितली, मला शेजारी उभं करून. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२ ऑगस्ट
इसाईआस आला. पुढचा दात पडलाय. हात मांडीवर ठेवून नीट बसला. मी विचारलं, कसा आहेस?

“बरा आहे, मावशी,” म्हणाला. ऑफिसातल्या बायांना आम्ही मुलं असंच सांगतो.