संगीताच्या तासाला आवाज करू देणेबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
शाळा तपासणी विभाग.

विषय : संगीताच्या तासाला मुलांना आवाज करण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : १) आपले 'सद्वर्तन प्रोत्साहन' परिपत्रक. २) माझे यापूर्वीचे दोन अर्ज.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करते की, मी या शाळेत गेली एकोणीस वर्षे पहिली ते चौथीच्या मुलांना संगीत शिकवते.

१. तिसरीत एक मुलगी आहे. मुले तिला 'चिमटी' म्हणतात, कारण ती शेजाऱ्याला चिमटे काढी, प्रसंगी चावेही. ओरडून झाले, कोपऱ्यात उभे करून झाले. पालथ्या घड्यावर पाणी. या शैक्षणिक वर्षापासून मी रागावणे सोडले. जे मूल ढोल वाजवण्याची आपली पाळी येईतो थांबेल, त्याच्याजवळ जाऊन हळूच "तुझं थांबणं मी पाहिलं," एवढेच म्हणायचे आणि ढोल त्याच्या हाती द्यायचा. चिमटी पहिल्या दिवशी पाच आकडे मोजेपर्यंत थांबली. महिन्याभराने ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून अख्ख्या वर्गाची पाळी होईतो थांबली, आणि मग तिने असा ठेका धरला की वर्ग आपसूक तालात आला. तिची आजी शाळेत येऊन म्हणाली, "बाई, घरी डबे बडवून जीव नकोसा करते, पण आता चावत नाही हो."

२. त्याच सुमारास आपले पथक शेजारच्या खोलीत तपासणीस बसले असता ढोल वाजला. त्यावरून आदेश आला की, वाद्ये कुलूपबंद करावीत, तास शांततेत घ्यावा व तोंडावर बोट ठेवून बसणाऱ्यास रोज एक सद्वर्तन गुण द्यावा. आदेशाचे पालन झाले. मी फळ्यावर सुरांची नावे लिहिते, मुले ती वहीत उतरवून घेतात.

३. माझ्या दोन्ही अर्जांवर 'वर्ग शांत आहे, कार्यवाहीची आवश्यकता नाही' असा शेरा मिळाला. गेल्या महिन्यात शाळेतील सर्वांत शिस्तबद्ध तास म्हणून मला सन्मानपत्रही देण्यात आले. मी मान खाली घालून टाळ्या ऐकल्या.

४. चिमटीचे गुण आज सर्वाधिक आहेत. ती चिमटे काढत नाही. बोलतही नाही. मंगळवारी मधल्या सुट्टीत मी दार लोटून घेतले, तिच्यापुढचा बाक थोपटला व म्हटले, "वाजव बघू, काहीही." तिने आधी दाराकडे पाहिले. मग माझा हात बाकावरून उचलून माझ्याच मांडीवर ठेवला आणि कुजबुजली, "बाई, तुमचे गुण जातील."

तरी आठवड्यातून एक तास, ते न जमल्यास पंधरा मिनिटे, आणि ढोल नकोच असेल तर निदान टाळ्या वाजवण्याची परवानगी द्यावी. ती मिळेल या आशेने हे लिहिलेले नाही. न लिहिल्यास या प्रकारास माझी संमती होती असे दप्तरी राहील, म्हणून लिहिले.

आपल्या आदेशाखालील, नम्र,
(सही)
संगीत शिक्षिका
दिनांक : ११ डिसेंबर

सोबत : १) मागील अर्जांच्या प्रती. २) सन्मानपत्र (मूळ प्रत, परत).