चोवीस तासांचं कुलूप

२ नोव्हेंबर २०२४, शनिवार

आज पक्कं ठरलं. रूपलला फोन करायचा नाही, विनवण्या करायच्या नाहीत. बापाने का म्हणून झुकायचं? त्यापेक्षा तिला कोडं घालायचं.

पुण्याला गेल्यापासून ती सुट्टीत जिओकॅशिंग खेळते, हे तिच्या स्टेटसवरून कळलं. कोणीतरी डबा लपवतो, साइटवर कोडं टाकतो, ते सोडवलं की जागेचे आकडे मिळतात, मग मोबाइल धरून डबा शोधत हिंडायचं. इंजिनियर झालेली मुलगी! असो.

डबा मी लपवणार. आत रूपलच्या आईचं, सुलूचं, चावीचं घड्याळ. सुलू गेल्यावर रूपलने ते दोनदा मागितलं. मी म्हटलं, घाई काय आहे, घरी येऊन घेऊन जा. आली नाही. तेव्हापासून बोलतही नाही. दोन वर्षं होतील. तापट आहे, आईवर गेलीय.

५ नोव्हेंबर

स्कूटरने दांडीला जाऊन आलो. समुद्राच्या कडेला सुरूचं एक जुनं झाड आहे, त्याच्या बुंध्याच्या पोकळीत डबा ठेवला. घड्याळाला तीन पिशव्या. खारी हवा.

प्रश्न तीन. रूपल कितव्या वर्षी सायकल शिकली? सात. आपण तिघं मिळून दांडीला किती वेळा आलो? आठ. आई हॉस्पिटलात किती दिवस होती? चार. सात-आठ-चार अक्षांशाच्या शेवटच्या तीन जागी घातले की थेट झाडाशी.

उत्तरं लिहून ठेवायची गरज नाही. कंपनीत इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला एकतीस वर्षं काढली. मीटर न बघता रीडिंग सांगायचो.

९ नोव्हेंबर

कोड्याचं पान साइटवर चढलं. पण नुसतं पान काय कामाचं? उत्तर टाकलं की लगेच बरोबर-चूक कळलं पाहिजे. यूट्यूबवर स्क्रिप्ट शिकलो. दोन दिवसांत! कोड पेस्ट केला, सेव्ह केला, पान उघडलं. कोड गायब. साइटवर म्हणे स्क्रिप्ट चालत नाही. सुरक्षेसाठी. माझ्यापासून कोणाला धोका?

कडक शब्दांत ईमेल केला.

१३ नोव्हेंबर

उत्तर नाही. हरकत नाही. दुसरीकडे फुकटचं पान बनवून स्क्रिप्ट तिथे चालवली आणि कोड्याखाली लिंक दिली. चूक उत्तर आलं की बझर, अगदी आमच्या प्लांटसारखा. बरोबर आलं की फुगे उडणार. (फुगे अजून उडत नाहीत.) कोणी काय उत्तर टाकलं ते माझ्या शीटमध्ये येतं. नाव विचारत नाही. आपली मुलगी आपल्याला ओळखता येणार नाही होय?

शिवाय इंटरलॉक. तीन चुका झाल्या की पान चोवीस तास बंद. नियम म्हणजे नियम.

नरहरी आला होता. इलेक्ट्रिकलचा, माझ्याबरोबरच रिटायर झाला. म्हणाला, अरे तात्या, पोरीशी बोलायला इंटरलॉक कसला लावतोस, फोन लाव ना. त्याला सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही.

१७ नोव्हेंबर

रूपलला लिंक पाठवली. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. दोन निळ्या रेघा आल्या. विचार करतेय.

२४ नोव्हेंबर, रविवार

शीटमध्ये पहिली एंट्री! नऊ-दोन-नऊ. चूक. पाच मिनिटांनी परत नऊ-दोन-नऊ. मग तिसऱ्यांदा तेच. कुलूप लागलं. कोण हा गाढव? एकदा चूक सांगितल्यावर तेच तेच कसं टाकतो माणूस?

रूपल नव्हे. आमची रूपल एवढी चुकणं शक्यच नाही.

१ डिसेंबर

गाढव परत आला. नऊ-दोन-नऊ, तीनदा. बझरचा आवाज वाढवला.

नरहरीला गंमत म्हणून शीट दाखवली. तो हसला नाही. म्हणाला, वहिनी नऊ दिवस होत्या ना रे हॉस्पिटलात? मी म्हटलं, चार. म्हणाला, अरे, मी रोज रूपलसाठी टिफिन घेऊन जायचो. मी म्हटलं, चहा घे. वय झालं त्याचं.

तेव्हा आमच्या प्लांटचं शटडाऊन होतं. वर्षातलं सगळ्यात मोठं काम. माझ्याशिवाय झालंच नसतं.

१५ डिसेंबर, रविवार

सुलूला आज दोन वर्षं. सकाळी पान वाढून ठेवलं. कावळा लवकर शिवेना. म्हटलं, रूपलचं होईल गं सगळं नीट, मग शिवला.

दुपारी दांडीला जाऊन बसायचं मनात होतं. पण फुगे. संध्याकाळी साडेपाचला फुगे उडाले! निळे, पिवळे, अख्ख्या स्क्रीनवर. बघायला कोणीतरी हवं होतं.

१६ डिसेंबर

कोड्याच्या पानावर नोंद आलीय. रूपलच्या नावाने. डीएनएफ. म्हणजे शोधलं, सापडलं नाही.

तिने लिहिलंय: काल माझ्या आठवणीतले आकडे घालून दांडीला गेले होते. सापडलं नाही. आईचा दिवस होता.

१६ डिसेंबर, दुपारी

काल. दांडीला. इथून वीस मिनिटं.

१७ डिसेंबर

दांडीला गेलो. मोबाइलमध्ये नऊ-दोन-नऊ घालून चालत राहिलो. बोंबील सुकवायच्या मांडवाशी पोचलो. माझ्या झाडापासून दोनशे सत्तर मीटर. मी मोजलं.

तिथे रंभाबाई होती, सुलूच्या ओळखीची, पूर्वी घरी मासळी घालायची. म्हणाली, सुलूबायची पोर आलती की परवा. मोबाइल घेऊन इतंच गोल गोल फिरत होती. मग दोन तास वाळूत बसली. मी बोलले, कुंभवलीला जा ना, बापूस हाय घरी. तर बोलली, तिकडं मी नेहमी चूकच ठरते, मावशी.

रंभाबाईने विचारलं, काय हरवलं होतं तिचं? मी बोंबलाचा भाव विचारला.

१८ डिसेंबर

सुलूची फाइल काढली. कपाटात वरच होती, कधी उघडली नव्हती. भरती सहा डिसेंबर. शेवटची तारीख पंधरा. नऊ दिवस.

मी चार दिवस गेलो होतो. तेवढेच मोजले.

साहेब म्हणाले होते, तात्या, जा, आम्ही बघतो. मीच म्हटलं होतं, रूपल आहे तिथे.

रूपल होती तिथे. नऊच्या नऊ दिवस. सुलूने बाबा कुठे आहेत म्हणून विचारलं असेल तेव्हा हिने काय सांगितलं असेल? किती वेळा सांगितलं असेल?

सायकल आणि दांडी कोणाकडे पडताळू? सायकल बहुतेक सुलूने शिकवली. मी सेकंड शिफ्टला असणार.

२० डिसेंबर

डबा झाडातून काढला, मांडवाच्या खांबाला बांधला. रंभाबाई म्हणाली, मी नजर ठेवते, काय काळजी करू नको.

संध्याकाळी स्क्रिप्ट उघडली. सात-आठ-चारच्या जागी नऊ-दोन-नऊ घालणार होतो. तिने टाकावं आणि फुगे उडावेत. मग वाटलं, मी कोण तिला बरोबर म्हणणारा?

सगळी स्क्रिप्ट काढून टाकली. बझर, फुगे, कुलूप, शीट. साध्या पानावर लिहिलं: रूपल, तुझे आकडे खरे आहेत. आई नऊ दिवस होती, मी चारच दिवस आलो. घड्याळ तुझ्या जागेवर ठेवलंय.

सेव्ह केल्यावर लक्षात आलं, शीट नाही म्हणजे आता तिने पान उघडलं की नाही, तेही मला कळायचं नाही.

२२ डिसेंबर, रविवार, सकाळी

नरहरीचं ऐकायचं ठरवलं. फोन लावला. पूर्ण वाजला. उचलला नाही.

चहा केला. परत लावला. नाही.

काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं आणि परत लावला. नाही.

तीन झाले. आता चोवीस तास थांबायचं.