नाव गाळलेला साक्षीदार

सोमवार, ६ तारीख
सकाळचे नऊ

प्रिय बारक्या,

सप्रेम सलाम. तुझं पत्र पोचलं. बारा वर्षांनी पत्र पाठवलंस आणि त्यात ओळी किती, तर सहा! घरच्यांची चौकशी नाही, तब्येत विचारली नाहीस. औषधाच्या बाटलीवर चिकटवतात त्या चिठ्ठीतसुद्धा याहून जास्त मजकूर असतो. असो. मी तरी कुठे लांबलचक लिहिलं होतं? ‘तुझ्या गावाहून एक उपदेशक आमच्याकडे आलाय, त्याला ओळखतोस का’ एवढंच तर विचारलं होतं. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघं दुसऱ्याच वाक्याला भांडतो. कागदावर निदान एका वेळी एकालाच बोलता येतं.

इकडे मी ठीक. बेसिनचा नळ पुन्हा गळतोय. आई ठीक नाही, आणि तेच लिहायला बसलेय.

सगळं नीट सांगते, म्हणजे मी कशाने वैतागलेय ते तुला कळेल. हा माणूस चार महिन्यांपूर्वी आला. आम्ही त्याला तेलवाला म्हणतो, म्हणजे मी म्हणते, बाकीचे ‘बंधू’ म्हणतात. दर बुधवारी संध्याकाळी आपल्या चर्चच्या हॉलमध्ये त्याची सभा असते. पाळकसाहेबांनीच परवानगी दिली, कारण त्याच्यामुळे खुर्च्या भरतात. आवाज असा गोड, की ऐकूनच साखर वाढावी. प्रत्येकाच्या हातात तेलाची एक छोटी बाटली देतो आणि पुढे एक वेताची टोपली ठेवतो. तिचं नाव ‘विश्वासाची टोपली’. ज्याचा विश्वास खरा त्याने आपली औषधं तीत टाकायची. गोळी घेणं म्हणजे देवावर संशय घेणं, ही त्याची शिकवण.

आईने तिच्या रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्या टाकल्या. वारांची झाकणं असलेली ती निळी डबीसुद्धा टाकली. त्याला आता पाच आठवडे झाले. पाय घोट्यापाशी सुजलेत. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबते आणि मला म्हणते, ‘बाहेर बघतेय.’ अरे, जिन्याला खिडकी तरी आहे का! शेजारच्या नर्सबाईंनी रक्तदाब तपासला तर त्याच मटकन खाली बसल्या. मी नव्या गोळ्यांची एक पट्टी आणलीय, ती रोज ताटाजवळ ठेवते, आई रोज शांतपणे उचलून पर्समध्ये टाकते, मी पुन्हा काढते. म्हणते, ‘फेकत नाही, पण घेतही नाही.’ तेलाने गुडघे मात्र असे चकाकतात, की भांग पाडायला आरसा नको. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला मारता येत नाही म्हणून, नाहीतर!

तर काल रविवारचा बायबल वर्ग. मी मुद्दाम यहूदाचं पत्र काढलं. विश्वासघात केला तो यहूदा नव्हे, दुसरा. मंडळीत हळूच शिरलेल्या खोट्या शिक्षकांबद्दल त्याच्याइतकं तडकून कोणी लिहिलेलं नाही. सगळी मिळून पंचवीस वचनं, पण पठ्ठ्याने कुणाची भीड ठेवलेली नाही. मी शिकवताना सांगितलं, की बघा, हा आधार कुठून घेतो? हनोखाच्या पुस्तकातून. ते आपल्या शास्त्रात आहे का? नाही. मोशेच्या मृतदेहावरून देवदूताचं आणि सैतानाचं भांडण झालं, ते हा सांगतो. तेही आपल्या जुन्या करारात शोधून सापडणार नाही.

झालं! घड्याळवाले काका उठले. तेच, चौकातले, डोळ्याला भिंग लावून बसणारे, आता पंचांचे प्रमुख आहेत. ‘बाई, बाहेरचं पुस्तक इथे कशाला? उद्या वर्तमानपत्र वाचून दाखवाल.’

मी म्हटलं, ‘खरं छापलं असेल तर तेही दाखवेन. काका, पौलाला क्रेत बेटावरच्या बडबड्या शिक्षकांची तोंडं बंद करायची होती, तेव्हा त्याने कुणाचा आधार घेतला? त्याच बेटावरच्या एका जुन्या कवीचा. घर पेटलं असताना बादली कुणाची आहे हे विचारत बसायचं का?’

लोक हसले. काका बसले. मग मी तू लिहिलेलं सांगितलं: हा तेलवाला तिकडे असताना औषधाच्या एका दुकानातून तीन वर्षं, दर महिन्याला, स्वतःसाठी साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या नेत होता. आपल्या गोळ्या खिशात आणि दुसऱ्यांच्या टोपलीत! आई तिसऱ्या बाकावर होती, तिने चष्मा काढून पुसला. काकांनी विचारलं, ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’ तेवढ्यात वेळ संपली.

प्लंबर आज येतो म्हणालाय. तो गेल्या सोमवारीही आजच येणार होता.

तुझी ताई
(प्रौढ बायबल वर्ग, शिक्षिका)

ता.क. औषधाच्या दुकानदाराने गिऱ्हाईकाची औषधं दुसऱ्याला सांगायची नसतात, पण हा माणूस लोकांचे जीव घेईल म्हणून सांगतो, असं तू लिहिलंस. ते पटलं. शेवटची ओळही वाचली.


रविवार, १२ तारीख
दुपार, जेवणं झाल्यावर

प्रिय बारक्या,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. ‘आईला दम लागतो का? डॉक्टरांना आजच दाखव. वर्गात माझं नाव घेतलंस का?’ तीन वाक्यं, तिन्ही नेमकी दुखऱ्या जागी. लहानपणापासून तुझं हे असंच आहे, मी पानभर बोलावं आणि तू मधला एकच शब्द उचलावास.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर: हो, दम लागतो. डॉक्टर त्याच दिवशी घरी येऊन गेले. आईने त्यांना तपासू दिलं, चहा दिला, आणि गोळ्यांचं नाव काढताच हवापाण्याचा विषय काढला.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही.

वेळ संपली असं मी तुला लिहिलं, ते खोटं. दहा मिनिटं शिल्लक होती. काकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, ‘एका विश्वासू व्यक्तीने.’ आईने बाकावरून विचारलं, ‘कोण गं ती व्यक्ती?’ मी म्हटलं, ‘घरी सांगते.’ आणि घरी येऊन नळाबद्दल बोलत बसले. ‘हवं तर माझं नाव घे’ असं तू शेवटच्या ओळीत स्वतःच्या हाताने लिहिलं होतंस, तरी माझी जीभ उचलली नाही.

त्याचा फायदा कुणाला झाला ते ऐक. बुधवारच्या सभेत तेलवाला हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, ‘ज्याला नाव नाही, त्याच्या साक्षीला मी काय उत्तर देऊ?’ लोक हळहळले! टोपलीत त्या दिवशी आणखी चार जणांनी गोळ्या टाकल्या. त्यात एक दम्याचा पंप होता. मी मागच्या खुर्चीवर बसून दात-ओठ खात होते, पण राग त्याच्यावर कमी आणि स्वतःवर जास्त होता. साक्ष मी दिली होती आणि साक्षीदार मीच लपवला होता.

घरी आल्यावर आईला म्हटलं, ‘आता तरी गोळ्या घे, तो लबाड आहे गं!’ तर आई म्हणाली, ‘पत्राचं पाकीट मी पाहिलंय. माझ्या लेकाचं अक्षर मला कळत नाही का? तू त्याचं नाव चार लोकांत घ्यायला लाजतेस, मग त्याचं बोलणं मी कशाला खरं मानू?’ मी कपबशा विसळत राहिले.

शनिवारी पुन्हा यहूदाचं पत्र घेऊन बसले. तुला माहीतच असेल, पेत्राच्या दुसऱ्या पत्रात जवळजवळ तोच मजकूर येतो, तेच खोटे शिक्षक, तोच संताप. जाणकार म्हणतात, ते यहूदावरूनच घेतलं असावं. पण त्यात हनोखाचं नाव नाही. यहूदाने बाहेरच्या माणसाचं नाव सरळ घेतलं, पेत्राच्या पत्रात ते गळलंय. तिथे ते का गळलं ते देव जाणे. मी का गाळलं ते मला चांगलं ठाऊक आहे.

बारा वर्षांपूर्वी तू वर्गात तेच हनोखाचं पुस्तक घेऊन आला होतास. खाकी कव्हर घातलं होतंस, आणि आपला शोध दाखवायला तुझा चेहरा नुसता फुलला होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘बाहेरची पुस्तकं बाहेर ठेवायची. आणि ती सोडवत नसतील तर माणसानेही बाहेर राहावं.’ तू पुस्तक पिशवीत घातलंस आणि गेलास. तू पुन्हा आला नाहीस म्हणून पंचांनी तुझं नाव सभासदांच्या यादीतून काढलं, तेव्हा मी तिथेच बसले होते. काही बोलले नाही. तेव्हापासून लोक तुला नुसतं ‘तो औषधवाला’ म्हणतात. मीही म्हणते.

आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्याच संध्याकाळी मी यहूदाचं पत्र उघडून पाहिलं होतं. चौदाव्या वचनात हनोखाचं नाव चक्क होतं. तू बरोबर होतास. मला त्याच दिवशी कळलं होतं, बारक्या. बारा वर्षं मला माहीत होतं. वर्गातल्या बाईंनी चुकायचं नसतं, एवढ्यासाठी मी माझा भाऊ घालवला. पुढच्या वर्षी तोच धडा मी ऐटीत शिकवला, हनोखासकट, जणू मलाच सुचला होता. काकांना बादलीचं ऐकवलं ना, तेही तुझंच. त्या दिवशी दारातून तू मला म्हणाला होतास.

आज वर्गात उभी राहिले. चौतीस वर्षं शाळेत पोरांना उभं केलं, आज माझी पाळी होती! मी म्हटलं, ‘यहूदा पत्राच्या सुरुवातीला आपली ओळख काय देतो? ख्रिस्ताचा दास आणि याकोबाचा भाऊ. मोठेपणा नाही, बिरुद नाही. मीही आज तशीच ओळख देते. मी औषधवाल्याची बहीण आहे. गोळ्यांचं मला त्याने सांगितलं. बारा वर्षांपूर्वी ज्याला मी याच दारातून घालवलं, त्याने. तेव्हाही तो बरोबर होता, आताही आहे.’

घड्याळवाल्या काकांनी भिंगाचा डोळा चोळला. आणि आई उठली. पर्स उघडून पट्टी काढली, रोज ताटाजवळून उचललेली. काकांना म्हणाली, ‘जरा पाणी आणता का?’ पंचांचे प्रमुख पेला आणायला अक्षरशः धावत गेले! आईने सगळ्यांसमोर गोळी घेतली, पेला परत दिला आणि म्हणाली, ‘शिकवा बाई पुढे.’ मला पुढे शिकवता आलं नाही. मी रडले, वर्गात, सगळ्यांसमोर. लिही हे तुझ्या वहीत.

वर्ग सुटल्यावर काका चार पंच घेऊन तेलवाल्याच्या खोलीवर गेले. तो म्हणाला, गोळ्या मेव्हण्यासाठी नेत होतो. काका म्हणाले, ‘मग औषधवाल्यासमोर सांगा, तो येतोय.’ (मी असं म्हटलं नव्हतं. काकांनी आपल्या मनानेच ठोकून दिलं.) हे ऐकून तो बॅग भरू लागलाय म्हणे. टोपली मात्र काका घेऊन आले, आणि आता ती आपल्या जेवणाच्या टेबलावर आहे. आत पाच किलो तरी गोळ्या असतील, निम्म्या सुट्या, कुणाच्या कुठल्या काही कळत नाही. समोरच्या आजी तेवढ्यात दोनदा येऊन गेल्या, ‘माझी ती पिवळी दे.’ पिवळ्या अकरा जातींच्या आहेत! कुणाला हात लावू दिलेला नाही. सगळं फेका आणि एकेकाला डॉक्टरांकडे पाठवा, असं तू म्हणणार हे मला कळतं. पण माझं कोण ऐकतंय? ते तू येऊन सांग.

आणि आईचा निरोप. पट्टीत नऊ गोळ्या उरल्यात. रोज एक घेईन, म्हणते, पण पुढची पट्टी त्याच्या हातून, तो आणेल ती. मी खूप बडबडले, हा काय हट्ट, जिवाशी खेळ आहे का! तर म्हणाली, ‘नऊ दिवस आहेत ना? तुझ्या पत्राला दोन लागतात.’ डोकं फिरवते ही बाई. मी कुणावर गेलेय ते मला विचारू नकोस.

मी चुकले, बारक्या. हे फोनवरही सांगेन, पण आधी इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर भांडताना मला मागे घेता येणार नाही.

नळ मी स्वतःच दुरुस्त केला. तुझी खोली झाडून ठेवली आहे.

वाट पाहते.

औषधवाल्याची बहीण