बोकडाची दाढी

सोम. १ डिसें.
साकीनाक्याच्या कारखान्यातून घरी आले तर दारात चपलांचा ढीग. वाटलं, कोण गेलं. आत फरीदा, तिची सासू आणि गल्लीतल्या आणखी बायका. सगळ्या त्याच, ज्या माझ्या पुतण्याच्या हळदीला माझ्याबरोबर गायला बसल्या होत्या. कुणी पाणी घेईना.
फरीदा म्हणाली, "रुकैयाभाभी, तुझ्या पोरीनं आम्हाला बाजारात उभं केलं."
सनानं आमचं गाणं मोबाईलवर टाकलंय. चुलतभावाच्या लग्नाला कुवेतहून आली, चार दिवस राहिली, गेली. जाताना हे करून गेली. फरीदाचे केस मोकळे, ओढणी खांद्यावर, हळदीनं माखलेली, मोठ्यानं हसतेय. तिच्या नवऱ्याला चहाच्या टपरीवर कुणा परक्यानं दाखवलं.
बरोबर होतं त्यांचं.
सनाला फोन लावला. म्हणे, "मा, लोकांना किती आवडलंय माहितेय? कुठून कुठून बघतायत!"
"फरीदाला विचारलंस?"
"अगं, अर्ध्या मिनिटाचं तर आहे."
अर्ध्या मिनिटाचं म्हणजे कसं? आम्ही तर तासभर गायलो. तेव्हा कळलं. सुरुवातच कापली तिनं. 'अल्लाच्या नावानं जातं फिरू दे, नबीच्या नावानं हळद भरू दे', हे सगळं उडवलं. ठेवलं काय, तर सासूची थट्टा. नवरा कुवेतला गेला, अत्तराची बाटली धाडली, सासूनं कुलपात ठेवली, सून कुलपाचा वास घेत बसली, ते.
म्हणे, "सुरुवात स्लो आहे मा. लोक पुढे ढकलतात."
अल्लाचं नाव स्लो. वा गं माझी शिकलेली.

बुध. ३ डिसें.
सनानं काढून टाकलं. पण दुसऱ्यांनी उचललेलं फिरतंच आहे. दूध सांडलं, आता पातेलं घासून काय उपयोग.
त्यात आज अनस उगवला. अनस म्हणजे जुलेखाचा मुलगा. जुलेखा माझ्या माहेरच्या गावची, इथे जोगेश्वरीत तीन गल्ल्या सोडून राहते. अनस कुवेतला दिवसा एसी दुरुस्त करतो आणि संध्याकाळी मोबाईलवर दीन, म्हणजे धर्म, शिकवतो. मागे पुस्तकांचं कपाट दिसतं. सना म्हणते ते कपाट नाही, पडद्यावरचं चित्र आहे. तिथले आपले कोकणातले लोक त्याला फार मानतात.
त्यानं आमचं गाणं लावलं आणि मधेच थांबवलं. म्हणतो, "पाहा, ही मुसलमान औरतांची हळद. यात अल्लाचं नाव तरी आहे का? ही जहालत आहे, अडाणीपणा आहे. दुसऱ्यांच्या चालीरीती आहेत. ज्या घरात अशी हळद होते तिथल्या दावतीला जाऊ नका."
उर्दू झाडत होता. घरात 'माका नको, माका नको' करत रडायचा तो पोर. त्याच्या आईची हळद माझ्या आईनं गायली. त्याच्या स्वतःच्या हळदीला मी घसा फोडला. तेव्हा पाटावर बसून खाली मान घालून हसत होता, अंगाला हळद लावून घेत होता. म्हणत होता, "खाला, अजून एक, सासूवरचं."
ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, "आलिम माणूस आहे, काही अभ्यास असेल." मी ताट आपटलं.

गुरु. ४ डिसें.
दुपारी कारखान्यात डबा खाताना डोकं तापलेलंच होतं. दोरे कापून बोटं दुखत होती. लिहायला येतं पण त्या फोनवर बोटं नीट पडत नाहीत, म्हणून सनाला बोलूनच पाठवलं. जे तोंडात आलं ते. की तुझ्या त्या अनसला सांग, तुझ्या चड्ड्या मी धुतल्यात. सांग, तुझ्या हळदीला अल्लाचं नाव मी घेतलं होतं, तू लाडू खात होतास. आणि सांग, दाढी वाढवली म्हणून बोकड मौलाना होत नाही.
समोर बसलेल्या सावंतवहिनीला ठसका लागला.
सनाचं हसणं आलं उलट. मला बरं वाटलं. जेवण गोड लागलं.

शुक्र. ५ डिसें.
हे जुम्म्याहून आले ते चप्पल न काढताच आत. तोंड उतरलेलं.
"तू दाढीला बोकड म्हणालीस?"
"तुमच्या नाही. त्याच्या."
"दाढी त्याची-माझी नसते. सुन्नत असते, नबीची रीत."
मशिदीच्या पायरीवर कुणीतरी ह्यांना माझाच आवाज ऐकवला. सनानं तो एका मैत्रिणीला पाठवला, 'माझी मा बघ' म्हणून. मैत्रिणीनं बहिणीला. आता कुवेतमधल्या आपल्या लोकांच्या सगळ्या ग्रुपांत, आणि तिथून परत जोगेश्वरीत. मी साकीनाक्याला बोलले, आवाज समुद्रापार जाऊन माझ्या नवऱ्याच्या कानात परत आला.
सना रडते. आता रडून काय. तरी फोन ठेवताना म्हणाले, जेव काहीतरी.
मी तरी का बोलले? बोलले तर बोलले. पण मी तिला बोलले होते, जगाला नाही.

रवि. ७ डिसें.
इरफानचा फोन. जावई कधी मला फोन करत नाही, सनाच्या हातून घेऊन सलाम करतो तेवढंच. आज सरळ मला.
"अम्मी, इथे फोनवरून कुणाला शिवी दिली तर पोलीस केस होते. आपण परदेशी. गाडीत घालून विमानतळावर सोडतात. आणि हे तर दाढीवरून. दीनवरून."
"शिवी मी दिली. इथून दिली. मला सोडा विमानतळावर."
"सनाच्या नंबरवरून पसरलंय ना, अम्मी."
सना दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. परवा पगार वाढला म्हणून नाचत होती.
अनसनं निरोप दिलाय. तक्रार करायला त्याला वाईट वाटतं म्हणे, आपले लोक आहोत. म्हणून मी मोबाईलवर तोंड दाखवून माफी मागायची. दोन गोष्टींची. एक, दाढीला बोलले त्याची. दुसरी, म्हणायचं की आमची हळदीची गाणी जहालत आहेत, मी तौबा करते, परत गाणार नाही, बायांनीही गाऊ नयेत. शुक्रवारी तो बोलायला बसणार, त्याच्या आत हवं.
पहिली मागेन. तोंड माझं घाणेरडं आहे, माहीत आहे मला. चांगली माणसं पण दाढी ठेवतात, माझा बाप ठेवत होता. पण दुसरी?
माझी आई त्या गाण्यांवर मेली. म्हणजे गाता गाता नाही, पण शेवटी बोलता येत नव्हतं तेव्हा ओठ हलायचे, आणि आम्हाला कळायचं कुठलं गाणं चाललंय. ती जाहील? पाच वेळची नमाज न चुकवणारी?

सोम. ८ डिसें.
आज वेगळीच आग. सावंतवहिनीनं डबा उघडायच्या आधी फोन पुढे केला. "रुकैया, हा तुझाच आवाज ना गं?"
माझाच. कुणी भलत्यानंच उचलला. त्यावर बोकडांची चित्रं, टोप्या घातलेले बोकड, खाली घाण घाण शिव्या. 'पाहा, यांच्या बायकाच यांना काय म्हणतात.' आणि हसणारी तोंडं. जय अमुक, जय तमुक.
अरे मेल्यांनो, ते माझ्या घरातलं भांडण होतं! मी माझ्या जुलेखाच्या पोराला बोलले, तुमच्या हातात दगड द्यायला नाही बोलले. माझा नवरा दाढीवाला आहे. माझा बोकड मला परत द्या.
वहिनी म्हणाली, "सोड गं, रिकामटेकडे मेले." मी म्हटलं, तुझा भाऊ आहे त्यात, त्यानं आवडलं म्हणून अंगठा टाकलाय, मी नाव वाचलं. वहिनी म्हणाली, "बघते मी त्याच्याकडे." बघेल की नाही कोण जाणे. डब्यातली सोलकढी तिनं माझ्यापुढे सरकवली. प्यायले नाही. नंतर प्यायले.
म्हणजे ते तिकडचे म्हणतात मी हिंदू झाले, आणि हे इकडचे म्हणतात बघा मुसलमान कसे. मला कुणी विचारतच नाही मी कोण.

मंगळ. ९ डिसें.
फरीदाकडे गेले. कामाला दांडी. तिच्या नवऱ्यासमोर, सासूसमोर म्हटलं, माझ्या पोरीनं न विचारता तुझं तोंड जगाला दाखवलं, चुकलं आमचं. फरीदा रडली, मग चहा दिला. माफी अशी असते. तोंडासमोर. ज्याचं चुकलं त्याच्यापुढे. भिंतीला मोबाईल टेकवून नाही.
येताना जुलेखाच्या दारावरून आले. दार लावलेलं, आत पंखा चालू. हाक मारली, "जुलेखा!" नाही उघडलं. लहानपणापासूनची मैत्रीण. आंबे चोरायला बरोबर, मार खायला बरोबर. आता पोराची आई झाली.

बुध. १० डिसें.
सना आज जरा नीट बोलली. दवाखान्याच्या मालकिणीकडे लग्न होतं, कुवेती लोकांचं. सगळ्या नर्सा-बिर्सांना बोलावलं होतं.
"मा, बायकांच्या हॉलमध्ये बायकाच डफ वाजवत होत्या. मोठमोठ्यानं गात होत्या. म्हाताऱ्या नाचत होत्या गं मा!"
मी म्हटलं, घे! अरब गातात, आणि हा आमचा हागरा अरबांच्या नावानं आम्हाला गप्प करतो! मला उड्या माराव्याशा वाटल्या.
पण पुढचं ऐकलं. दारातच सगळ्यांच्या फोनच्या कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावत होत्या. सनानं मालकिणीच्या आईला धीर करून आपलं सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं. म्हणाली, "गाण्यात काय आहे, आम्हीपण गातो. पण घरातल्या बायकांना तू रस्त्यावर का नेलंस?"
सनाला हुंदका आला सांगताना.
मलाही राग आला म्हातारीचा. खरी बोलली म्हणून आला.
"मा," सना म्हणाली, "तू कर तो व्हिडिओ. मला भीती वाटते. इरफान झोपत नाही."
असं कधी बोलली नव्हती पोर. दहावीला नापास झाली तेव्हापण म्हणाली होती, परत बसेन.

गुरु. ११ डिसें.
करायला बसले. ह्यांनी मोबाईल धरला. काय बोलायचं ते इरफाननं पाठवलं होतं, मी पाठ केलं. ओढणी नीट. "मी रुकैया... दाढीबद्दल जे बोलले त्याची मनापासून माफी मागते." हे झकास झालं. मन होतं त्यात.
मग "आमची गाणी..." इथे अडकले. परत. परत अडकले. तिसऱ्यांदा खोकला काढला.
हे वैतागले. "चार शब्द आहेत. काय झिजतं तुझं?"
"तुम्ही गायलात कधी?"
"नाही."
"मग तुमचं नाही झिजणार."
फोन ठेवून हे बाहेर गेले. थोड्या वेळानं आले, भजी घेऊन. पुडी माझ्यापुढे ठेवली. कितीतरी वर्षं कुवेतला गाडी चालवत काढली ह्यांनी, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. भीती ह्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून जास्त भांडता येत नाही.
सना की गाणं. असं विचारलं तर आई काय म्हणेल? सना. मीपण म्हणते सना. पण विचारणारा कोण हा?

शुक्र. १२ डिसें.
सकाळी दारावर थाप. जुलेखा. हातात पिशवी नाही, काही नाही. आत येऊन माझ्या पलंगावर बसली, जशी नेहमी बसते.
"कर गो तो व्हिडिओ," म्हणाली. "पोरीचं घर बघ."
"तुझ्या पोराला सांगता येत नाही तुला?"
"सांगितलं. माझंपण ऐकत नाही. म्हणतो, अम्मी, तुला दीनमधलं कळत नाही." मग म्हणाली, "मी त्याला कुराण शिकवलं, रुकैया. अलिफ, बे, मांडीवर बसवून."
तिच्यावर आठवडाभर साठवलेला राग, आणि ती अशी बसलेली.
हे नमाजेच्या कपड्यांना इस्त्री करत होते. मोबाईल मीच डब्याला टेकवून ठेवला, लाल बटण दाबलं. बिस्मिल्ला म्हटलं. दाढीची माफी मागितली, पूर्ण, अडखळले नाही. म्हटलं, ज्यांनी माझ्या आवाजाला बोकड चिकटवले त्यांचा नि माझा काही संबंध नाही. मग ती दुसरी गोष्ट आली.
'आमची गाणी...'
आणि काय झालं माहीत नाही, तोंडातून तेच आलं. सनानं कापलेलं. अल्लाच्या नावानं जातं फिरू दे...
हळू. घसा बसलेला. दुसरी ओळ माझ्याच्यानं उचलेना. तर मागून आली. नबीच्या नावानं हळद भरू दे. जुलेखा. पलंगावरूनच, भिंतीकडे बघत. ह्यांची इस्त्री थांबली.
आम्ही सुरुवात पूर्ण म्हटली. सासूवरचं नाही म्हटलं. बटण दाबलं.
ऐकून पाहिलं. जुलेखाचं तोंड नाही त्यात, पण आवाज स्वच्छ आहे. अनस ओळखणारच. त्याच आवाजात झोपायचा तो.
हे म्हणाले, "हा पाठवलास तर एकतर तो गप्प बसेल, नाहीतर पेटेल." ते मलाही कळतं. सनालाच भोगायचं आहे. आणि जुलेखालापण.
इरफानचा फोन वाजतोय, अम्मी पाठवलं का. उचलत नाही. आधी सनाला विचारणार. सगळं ऐकवणार, मग विचारणार. तिचा फोन लागत नाही अजून, दवाखान्यात असेल.
जुलेखाला मात्र लगेच विचारलं. "तुझा आवाज आहे यात. जाऊ दे?"
तिनं ओढणीचं टोक पिळलं. मग म्हणाली, "आधी चहा टाक."
टाकलाय. उकळतोय.