सात कोंबड्या निवडून नेल्यात त्याबद्दल

प्रिय पारखी,

तुमची चिठ्ठी वन्संनी आणून दिली. चहा उकळेपर्यंत त्या कशाबशा गप्प बसल्या, मग हसू आवरेना. म्हणाल्या, वहिनी, दादाच्या गच्चीवर पहाटे सहा कोंबडे एकदम आरवतात, खालचा शिंपी चप्पल हातात घेऊन जिना चढतो. सातांत सहा! मला वाटलं होतं, चुकूनमाकून निम्म्या तरी कोंबड्या निघतील.

तुमची त्या दिवशीची ऐट आठवते. पिल्लं तीन दिवसांची. तुम्ही फरशीवर वर्तमानपत्र पसरलंत, दुकानातलं घड्याळ दुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावलंत आणि एकेका जिवाचा पंख उलगडत गेलात. पिसं लांब-आखूड असली की मादी, एकसारखी असली की नर. साडेतीन मिनिटांच्या व्हिडिओतून आलेली विद्या. मी तोंड उघडलं, तर म्हणालात, तू मध्ये बोलू नकोस, हे बारीक काम आहे. अठरा वर्षं ऐकलेलं वाक्य. मी पुढचं पिल्लू तुमच्या हातात दिलं. माहेरी मी शेकड्याने पिल्लं वाढवलीत. ही खूण ठरावीक जातींच्या जोडीतच चालते. आपल्या पिल्लांची आई उघड्या मानेच्या जातीची आणि बाप दूधवाल्याचा, तो कुठल्या वाणाचा ते दूधवाल्यालाही ठाऊक नाही. अशा सरमिसळीत दीड-दोन महिने थांबावं लागतं. ज्याचा तुरा आधी लाल होऊन वाढतो तो बहुधा नर. तरी शंका उरलीच, तर पुढे पाठीवर टोकदार पिसं येतात. पण थांबणं तुम्हाला कधी जमलंय? सात ‘कोंबड्या’ बुटांच्या खोक्यात, कपडे पिशवीत, आणि निघालात. दारातून वर ऐकवलंत, बघ, पाच तुलाही ठेवलेत, अन्याय केला म्हणू नकोस. खुडूक कोंबडीही ठेवलीत. ती म्हातारी झाली होती ना.

तर इकडची खुशाली. तुम्ही ‘कोंबडे’ म्हणून मला ठेवलेल्या पाचांपैकी चौघी अंडी घालतात. पाचवा खरोखरच कोंबडा. यातला एक तरी ओळखलात, शाबास. मातीत दाणा नसताना चोच आपटून तो चौघींना हाका मारतो. दोनदा धावत आल्या. आता मान वर करूनही बघत नाहीत.

तुम्ही लिहिलंत, रविवारी येतो, दोन कोंबडे देतो, दोन कोंबड्या नेतो. आणि अगदी खाली, कागदाच्या कडेला, भिंगाशिवाय दिसू नये अशा अक्षरात, जमलं तर राहतोही. दिसलं मला. येऊ नका. हे सांगायलाच लिहायला बसले. वन्संबरोबर सहा अंडी पाठवते आहे, सगळी पिल्लं निघण्याजोगी. मात्र ती उबवायला खुडूक कोंबडी लागते, आणि तिला तुम्ही इथेच टाकून गेलात. या घडीला ती माझ्याकडे बारा अंड्यांवर बसली आहे, चोच मारते, जागची हलत नाही. तेव्हा तुम्ही तुमची तळून खा.

आता फक्त कोंबड्यांचीच,
मी