मांडावरचा जबाब

प्रिय पुंडलिक,

पुण्याच्या खोलीत ढेकूण मारत आपण इंग्लंडचा इतिहास घोकला, तो शेवटी आमच्या गावात निघाला. सातशे वर्षांपूर्वी सरदारांनी आपल्याच राजाला कुरणात गाठून सनदेवर मोहोर करायला लावली. कायद्याशिवाय कुणाला धरायचं नाही, कुणाचं हिसकावायचं नाही. हे सगळं मी आमच्या गावकाराला, म्हणजे गावच्या मुख्याला, उमाजीला, मोठ्या थाटात सांगितलं. म्हातारा म्हणाला, एकदाच व्हय? मग तो विसरणारच की. आणि खरंच रे, तो राजा दोन-तीन महिन्यांतच उलटला होता!

आमच्याकडं हे दर शिमग्याला होतं. मांडावर, म्हणजे गाव जिथं नाचतं त्या अंगणात, ढोल वाजण्याआधी गावकाराला नारळ देतात. नारळ घेतला की तो बांधला गेला. वर्षभरात ज्याच्यावर अन्याय झाला तो विचारणार, आणि यानं उभ्यानं जबाब द्यायचा. तोवर ढोल मुका.

यंदा जंगलखात्याचा गार्ड बाबुराव पाहुणा आला. खानापूरकडचा माणूस, त्याला काय माहीत? नारळ दिसला तसा मान आपलाच समजून उमाजीच्या आधी त्यानंच तो घेतला आणि काखेत मारला. मग आमच्या गावची केशर उठली. भाताची रोपं करायची तरव्याची जागा भाजायला डहाळी तोडताना या बाबुरावानं तिचा कोयता नेलेला. ती झाडं तोडायची गावाला मुभा, तरी. कोयत्याविना तिचं शेत यंदा पडीकच राहायचं.

"आण्णा, नारळ घेतलास न्हवं? मग सांग, माझा कोयता कुठल्या कायद्यानं नेलास?"

बाबुराव हसला. एकटाच. नारळ खाली ठेवायला वाकला, तर उमाजी शांतपणे म्हणाला, "न्हाई बाबा. आधी जबाब." ढोलवाले तर काठ्या बाजूला टाकून पान लावत बसले. शेवटी घाम पुसत त्यानं कबूल केलं की कायदा त्यालाही ठाऊक नाही, कोयता सुप्याच्या कचेरीत आहे, साहेबांना विचारा. तेवढ्यावर लोकांनी त्याला सोडलं, आणि मग असा नाचवला की पटका सुटून पायात आला.

पण तिथले रेंजरसाहेब बदलून गेलेत. नवे सोमवारी येतात, आणि ते तू आहेस, हे मला काल कॅसलरॉकला कळलं. खूप आनंद झाला, खोटं नाही. मात्र पहिल्याच दिवशी तुझ्या दारात केशर उभी असेल, आणि मी तिच्या बाजूला. मित्र म्हणून आधी कळवतोय. कलम असेल तर शोधून ठेव. नसेल तर कोयता बाहेर काढून ठेव, भाजणीचे दिवस थोडेच उरलेत.

सोमवारनंतरही तुझाच,
परशुराम