रांगेच्या शेपटाशी रायेन

आदरणीय एदेल्मिरामावशी,

तुझे गुडघे कसे आहेत आणि बंदरावरचा तो चढ तू अजून एकटीच चढतेस का, ते आधी कळव. माझी तब्येत ठीक. बाकी काहीच ठीक नाही. पशुवैद्यकाचं कॉलेज अर्ध्यात टाकून मी दरीतल्या आपल्या गावी परत का आलो, हे आईने तुला सांगितलंच असेल. (इथल्या शाळेत इस्मेनियाबाई आल्या आहेत. आईने रंगवून सांगितलं असेल. निम्मं खरं धर.)

तर मेंढ्यांच्या वाटेवर प्यूमाचे ठसे दिसले. पाच मुलं त्याच वाटेने शाळेत येतात. त्यांना आणणार कोण, असं बाईंनी विचारताच मी हात वर केला. मग त्यांनी मला नियम सांगितले: लहान मूल मध्ये ठेवायचं, पळायचं नाही, तो दिसलाच तर सगळ्यांनी जवळ येऊन अंगावरचे लोकरी पोंचो पसरायचे आणि ओरडायचं. माझं डोकं फिरलं. दीड वर्ष जनावरांचं शिकलेल्याला हे सांगायचं? (बाईंवर रागावलो की मला जेवण जात नाही, ते वेगळं.) मी बाबांच्या पद्धतीने रांग लावली. कळप नेताना धडधाकट पुढे, लहान-लंगडी शेपटाशी आणि त्यांच्यामागे कुत्री. फक्त कुत्री लोकर कातरायच्या मेंढ्या गोळा करायला डोंगरावर गेलीत, हे ध्यानात राहिलं नाही. शेपटाशी उरली पाच वर्षांची रायेन.

ओढ्यापाशी मागे वळून पाहिलं तर रायेनच्या मागे वीस पावलांवर प्यूमा. घाई नाही, गडबड नाही. टपाल वाटत यावं तसा येत होता. पुढचं लिहायची लाज वाटते. मी पळालो, मावशी. "पळू नका रे" असं ओरडत पळालो.

वळणावर समोरून येणाऱ्या बाईंवरच आदळलो. त्या एवढंच म्हणाल्या, "एव्हारिस्तो, मुलं कुठायत?"

परत गेलो तो मुलं एकमेकांना चिकटून उभी होती, रायेन मधोमध, चार पोंचो तंबूसारखे पसरलेले, आणि तोंडात कुत्र्यांना देतात त्या सगळ्या शिव्या. प्यूमा कंटाळून चढ चढत होता. बाईंनी मुलं मोजली, पुन्हा मोजली, मग माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात रायेन म्हणाली, "बाई, दादाला नका ओरडू. त्याला कुणी मध्ये घेतलंच नव्हतं."

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोसलं असतं. थकलोय गं.

तुझा,
एव्हारिस्तो

ता. क. तुझ्या शेजाऱ्यांची आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांशी ओळख आहे ना? मार्चच्या नव्या सत्रापासून मला परत घेतील का, विचारशील? खरं तर पत्र त्यासाठीच.

पुन्हा ता. क. विचारू नकोस. आज मुलांना आणायला बाई स्वतः आल्या आणि मलाही रांगेत उभं केलं. मध्ये. माझा हात रायेनच्या हातात, शेपटाशी बाई. मी दोनदा मागे वळून पाहिलं. रायेन म्हणाली, "पुढे बघून चाल. तिथे प्यूमा नाहीये."